जुन्या खेळाची खोड

संगणकावरचे पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वीचे खेळ आजच्या यंत्रावर चालवून दाखवणारी 'स्कमव्हीएम' नावाची एक आज्ञावली आहे. तिच्या अलीकडच्या आवृत्त्यांत काही जुन्या खेळांच्या बाबतीत चार चौकटी समोर येतात. मूळ खेळातल्या चुका दुरुस्त करून हव्यात का? चित्र आणि आवाज यांत सुधारणा हवी का? त्या काळी गाळून टाकलेला भाग परत जागेवर बसवायचा का? आणि खेळाची हाताळणी आजच्या सवयीची करायची का? हवी तिथे खूण करावी, नको ती चौकट कोरी ठेवावी.

पुस्तकांच्या आवृत्त्या, शुद्धिपत्रे आणि 'सुधारून वाढवलेली' प्रकाशने पाहण्यात आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला या चार चौकटींचे फार अप्रूप वाटले. आपल्याकडे या चारही गोष्टी 'सुधारित आवृत्ती' या एकाच शब्दाखाली उरकल्या जातात. कुठली चूक काढली, कुठला मजकूर नव्याने घातला आणि कुठला गुपचूप उडवला, याचा पत्ता वाचकाला लागत नाही. इथे मात्र फुकट काम करणाऱ्या काही उत्साही मंडळींनी दुरुस्ती वेगळी, सुधारणा वेगळी आणि पुनर्स्थापना वेगळी, असा चोख हिशेब मांडला होता. बँकेत तीसेक वर्षे काढलेल्या माणसाला वेगवेगळ्या खात्यांवर वेगवेगळी नोंद दिसली की बरे वाटते.

मी स्वतः खेळगडी नव्हे. माझा भाचा ध्वनिमुद्रणाच्या व्यवसायात आहे, त्याच्यामुळे मी या गल्लीत शिरलो. तेव्हा ज्या आजी-आजोबांना संगणकावरचे खेळ म्हटले की नातवाच्या परीक्षेची काळजी वाटते, त्यांनीही पुढे वाचायला हरकत नाही. प्रश्न खेळापुरता नाही.

आधी थोडा इतिहास. 'स्टार वॉर्स'वाल्या जॉर्ज लुकासच्या कंपनीची कॅलिफोर्नियात खेळ बनवणारी एक शाखा होती, लुकासफिल्म गेम्स. तिथे रॉन गिल्बर्ट आणि गॅरी विनिक या दोघांनी १९८७ साली 'मॅनियाक मॅन्शन' नावाचा खेळ केला. एक विचित्र बंगला, एक माथेफिरू शास्त्रज्ञ आणि मैत्रिणीला सोडवायला निघालेली काही पोरे, असा एकूण मामला. हा खेळ यंत्राच्या भाषेत ओळ-ओळ लिहीत बसणे गिल्बर्टला अशक्य वाटले. म्हणून त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी गोष्ट लिहिण्यासाठी एक खास छोटी भाषा बनवली. 'हे दार उघडले तर ते दिवे लावा, अमुक पात्र आत आले तर तमुक संवाद म्हणा' अशा सूचना त्या भाषेत लिहायच्या. तिच्या लांबलचक नावाची आद्याक्षरे घेतली की 'स्कम' हा शब्द होतो. इंग्रजीत त्याचा अर्थ मळी, गाळ. या मंडळींचा विनोद इथेच थांबला नाही. बाकीच्या अवजारांना त्यांनी थुंकी, कफ, पित्त अशा अर्थाच्या शब्दांवरून नावे दिली. आयुर्वेदाच्या दवाखान्यात शोभावी अशी ही नामावळी एका सिनेमा कंपनीच्या संगणकांत नांदत होती.

या व्यवस्थेतली महत्त्वाची गोष्ट अशी की संहिता आणि नाटक मंडळी वेगळी झाली. संहिता म्हणजे त्या छोट्या भाषेतल्या सूचना, चित्रे आणि संगीत. ती वाचून प्रत्यक्ष प्रयोग लावणारा जो भाग, त्याला 'इंजिन' म्हणतात. कमोडोर यंत्रासाठी एक इंजिन, आयबीएम पीसीसाठी दुसरे. संहिता बहुतेक तीच. मंडळी बदलली तरी 'शारदा' ती 'शारदा'च राहते, तसे.

मंडळी मोडली आणि संहिता उरली, तर कुणीही नवी मंडळी काढू शकतो. २००१ साली स्वीडनमध्ये लुडविग स्ट्रिगियस या विद्यार्थ्याने नेमके हेच केले. त्याला 'मंकी आयलंड'सारखा एक खेळ लिहायचा होता, म्हणून जुना खेळ आतून कसा चालतो हे त्याने उकलून पाहायला घेतले. त्यातून त्याचे स्वतःचे इंजिन उभे राहिले आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरात ते जगासमोर आले. हाच गृहस्थ २००४ साली 'ट्रान्सपोर्ट टायकून' या रेल्वेच्या खेळाचीही अशीच नवी बांधणी करून मोकळा झाला आणि पुढे 'स्पॉटिफाय'च्या उभारणीतही होता. काही माणसांना दिवसाचे तास जास्त मिळतात की काय कोण जाणे.

त्याचा हात पुढे इतरांनी धरला. आज 'स्कमव्हीएम' अनेक कंपन्यांच्या जुन्या खेळांची इंजिने एकाच छपराखाली सांभाळते. ती सर्वांना खुली आहे. खेळ मात्र तुमचा तुम्ही आणायचा, कारण संहितेचा मालक वेगळा. गूगलच्या उन्हाळी उपक्रमातून विद्यार्थीही या कामाला लागत आले आहेत, त्यांत आपल्याकडची मुलेही आहेत.

आता आवाजाकडे येतो, कारण खरी गुंतागुंत तिथे आहे.

जुन्या खेळाच्या फ्लॉपीवर गाणे ध्वनिमुद्रित केलेले नसे. तेवढी जागाच नव्हती. फ्लॉपीवर असे ती फक्त स्वरलिपी: कुठला स्वर, किती वेळ, किती जोराने आणि कुठल्या वाद्यावर. भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकात चीज छापलेली असते, पण पुस्तक कानाला लावून काही ऐकू येत नाही, तसेच हे. वाद्य ज्याच्या-त्याच्या घरी. आणि १९९० च्या सुमारास घरोघरी वाद्ये अगदी वेगवेगळी होती.

सर्वांत गरिबाघरी संगणकाचा स्वतःचा चिमुकला स्पीकर. तो एका वेळी एकच सूर काढी, तोही पिपाणीसारखा. त्याच्यावर 'ॲडलिब' नावाचे कार्ड, १९८७ सालचे. त्यावर यामाहा कंपनीची 'वायएम ३८१२' ही चकती, एका वेळी नऊ आवाज काढणारी. आणि ऐपत असेल त्याच्याकडे रोलँड या जपानी कंपनीचा 'एमटी-३२' हा डबा. त्याची किंमत सुमारे सातशे डॉलर. त्याला एक छोटी अक्षरपट्टी होती आणि काही खेळ तिच्यावर आपले संदेश लिहीत. संगीतकार पुष्कळदा या महागड्या डब्यावर संगीत रचत आणि मग ते ॲडलिबला झेपेल असे छाटून देत. म्हणजे रचणाऱ्याने ऐकले ते एक, बहुतेक घरांत ऐकू आले ते दुसरे. मूळ आवाज कुठला म्हणायचा?

या प्रश्नावर भाच्याने आणि मी एक अख्खी संध्याकाळ घालवली. त्याचे म्हणणे, "मामा, संगीतकाराच्या कानात होते तेच मूळ." माझे म्हणणे, लेखकाच्या डोक्यातली कादंबरी कुणी वाचलेली नसते, छापून हातात पडते ती मूळ. वाद मिटला नाही. नव्या इंजिनाने तो मिटवायचा प्रयत्नही केलेला नाही. ते सगळी वाद्ये समोर ठेवते आणि विचारते, तुमच्या घरी कुठले होते?

पण वाद्य 'समोर ठेवायचे' म्हणजे काय? ॲडलिब कार्डे आता जुन्या बाजारातली चीज. त्यांची नक्कल आज्ञावलीत करावी लागते. बरीच वर्षे ही नक्कल कानाने ऐकून आणि चाचण्या घेऊन होत होती. जवळपास जुळे, पण तंतोतंत नव्हे. मग २००८ साली दोघा हौशी मंडळींनी यामाहाच्या चकतीचे कवच काढून तिच्या आतल्या भागाची छायाचित्रे वापरली आणि तिच्यात कोरलेली कोष्टके ठिपका-ठिपका मोजून वाचून काढली.

ती कोष्टके कसली होती, हे ऐकून माझ्या पिढीच्या वाचकांना गहिवरून येईल. ती लॉगॅरिथमची होती! ज्यांनी अकरावी-बारावीला लॉग टेबलाचे ते पातळ पुस्तक झिजवले आहे, त्यांना आठवेल की दोन मोठ्या संख्यांचा गुणाकार टाळण्यासाठी आपण त्यांचे लॉग घेऊन बेरीज करायचो आणि मग अँटिलॉग बघायचो. त्या चकतीला गुणाकार परवडत नव्हता. म्हणून तिच्यात २५६ आकड्यांचे एक कोष्टक स्वरलहरीच्या लॉगचे आणि तेवढेच दुसरे परत येण्यासाठी. आवाज कमी-जास्त करायचा म्हणजे फक्त बेरीज. आणि लॉग टेबल वापरले की उत्तराच्या शेवटच्या घरात थोडे इकडे-तिकडे होणारच. त्या इकडे-तिकडे होण्याने चकतीच्या आवाजाला एक किंचित खरखरीत पोत आला. नव्या यंत्रावर गुणाकार अगदी अचूक करता येतो. पण तसा केला, तर ऐकू येते ते ॲडलिब नव्हे. म्हणून आजची चांगली नक्कल मुद्दाम जुन्या कोष्टकांनी आणि जुन्याच राउंड ऑफने गणित करते. इथे आवाज 'सुधारणे' याचा अर्थ तो मूळच्या इतकाच अपुरा करणे असा होतो.

रोलँडच्या डब्याची कथा आणखी मजेदार आहे. पहिल्या खेपेच्या डब्यांत एक अडचण होती. त्याला भराभर सूचना पाठवल्या की तो गोंधळे आणि अक्षरपट्टीवर तक्रार उमटवून गप्प बसे. म्हणून खेळ लिहिणारे दोन सूचनांच्या मध्ये जरा दम घेत. पुढच्या खेपेत कंपनीने ही खोट काढली. मग नव्या डब्यावर बेतलेले खेळ दम न घेता सूचना सोडू लागले आणि जुने डबे गुदमरू लागले. उलट, पहिल्या डब्यात आणखी काही बारीक दोष होते, ज्यांच्यावर सुरुवातीचे काही खेळ नकळत विसंबून होते. ते खेळ दोष काढलेल्या नव्या डब्यावर बेसूर वाजत! तेव्हा या डब्याची नक्कल करणाऱ्या 'मंट' या प्रकल्पाला जुन्या आणि नव्या, दोन्ही डब्यांचे सोंग आणावे लागते. कुठल्या खेळाला कुठला दोष हवा, हे जाणकार सांगतात.

कमोडोर ६४ या १९८२ सालच्या यंत्रातही असेच घडले. बॉब यानिसने आखलेल्या तिच्या आवाजाच्या चकतीत आवाजाची पातळी बदलताना एक बारीकशी टिचकी ऐकू येई. खरे तर हा दोष. पण कुणा हुशाराच्या लक्षात आले की ही टिचकी सेकंदाला हजारो वेळा वाजवली तर तिच्यातून ढोल वाजवता येतो, माणसाचे बोलणेसुद्धा काढता येते. संगीतकारांनी त्याच्यावर सुंदर कामे केली. मग दशकाच्या उत्तरार्धात चकतीची नवी आवृत्ती आली, टिचकी जवळजवळ नाहीशी झाली आणि त्या रचनांमधले ढोल व बोलणे कुजबुजीइतके क्षीण झाले. लोकांनी काय केले? यंत्र उघडून एक रेझिस्टर झाळून तो दोष परत बसवला.

चूक दुरुस्त करणाऱ्याला हे माहीत असायला हवे, की ती चूक कुणाच्या तरी उपयोगाला आलेली असू शकते.

सगळीच दुरुस्ती अशी अवघड नसते, हेही सांगितले पाहिजे. एखादे पात्र चुकीच्या जागी उभे राहते, एखाद्या शब्दाचे स्पेलिंग चुकले आहे, एखाद्या वळणावर खेळ कायमचा अडकतो. अशा गोष्टी नीट कराव्यात यात दुमत नसावे. 'स्कमव्हीएम'च्या आज्ञावलीत अशा जागोजागी टीप लिहिलेली असते: मूळ खेळ इथे असे-असे करीत होता, म्हणून आम्ही ही पळवाट काढली. संपादनाचा हा शिष्टाचार मला फार आवडला. या टिपा खेळणाऱ्याला दिसत नाहीत, पण ज्याला पाहायच्या त्याला उघड्या आहेत.

अडचण येते ती चूक कुठली आणि करामत कुठली हे कळेनासे झाले की.

'मंकी आयलंड' हा १९९० सालचा खेळ चार-आठ फ्लॉप्यांवर येत असे. त्यात आपला नायक, होतकरू चाचा, जंगलात हिंडताना एका झाडाच्या तुटक्या खोडापाशी येतो. खोडाच्या खाली भुयार असल्याचे त्याला दिसते. तो आत उतरू पाहतो, तर पडद्यावर सूचना येते: २२ नंबरची फ्लॉपी घाला. मग, ३६ नंबरची घाला. मग, ११४ नंबरची! अर्थात अशा फ्लॉप्या नव्हत्याच. नायक म्हणतो की हा भाग सोडून द्यावा लागणार. निव्वळ थट्टा. त्या काळी मोठ्या खेळात फ्लॉप्या बदलून-बदलून हात दुखत, त्यावरची ही कोपरखळी. पण पुष्कळ भाबड्या खेळाडूंनी कंपनीला फोन लावले, की आमच्या खोक्यात ११४ नंबरची फ्लॉपी आलेली नाही, पाठवून द्या. शेवटी पुढच्या सीडी आवृत्तीत ही थट्टाच काढून टाकली.

आता सांगा, हे खोड कुठल्या चौकटीत टाकायचे? चूक नव्हती, पण चूक समजली गेली. काढली ती कर्त्यांनीच. परत बसवली तर मूळ लेखकाचा विनोद परत येतो, पण आजच्या मुलाला फ्लॉपी म्हणजे काय हेच माहीत नाही. तो कुणाला फोन करणार?

मला या प्रसंगात अंमळ जास्त रस वाटतो त्याला कारण आहे. माझ्या पहिल्या कादंबरीत घाटाखालच्या एका गावातली म्हातारी 'गेल्ता', 'आल्ती', 'म्हन्ला' असे बोलत असे. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी एका तत्पर मुद्रितशोधकाने तिला शुद्ध करून टाकले. म्हातारी एकाएकी 'गेला होता' आणि 'म्हणाला' म्हणू लागली. गावच्या पारावर बसून ती पुणे केंद्रावरच्या बातम्या देते आहे असे वाटे. प्रकाशकांनी पत्रात लिहिले होते, 'या आवृत्तीत मुद्रणदोष काळजीपूर्वक काढले आहेत.' तिसऱ्या आवृत्तीत मी म्हातारीला तिच्या गावी परत नेऊन सोडले.

आपल्या परंपरेला हा प्रश्न नवा नाही. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत तीनशे वर्षांत शिरलेले अपपाठ एकनाथांनी शके १५०६ मध्ये शुद्ध केले आणि यापुढे कुणी आपल्या पदरची ओवी यात घालू नये, अशी तंबीही देऊन ठेवली. दुरुस्ती आणि भर यांतला भेद पैठणच्या त्या संपादकाला स्वच्छ ठाऊक होता.

आता दुसऱ्या एका खेळाकडे वळतो. तो हाणामारीचा आहे आणि मला स्वतःला दहा मिनिटांच्या वर बघवत नाही, पण त्याची कथा टाळता येत नाही. 'डूम' हा खेळ डिसेंबर १९९३ मध्ये आला आणि जगभर पसरला. चार वर्षांनी, २३ डिसेंबर १९९७ रोजी, त्याचा मुख्य आज्ञावलीकार जॉन कारमॅक याने त्याची मूळ आज्ञावली लोकांसाठी खुली करून टाकली. मात्र तिच्यात एक गोष्ट नव्हती: मूळ डॉस खेळाचा आवाजाचा भाग. तो दुसऱ्याकडून परवान्यावर घेतलेला होता, त्यामुळे वाटता येईना. सोबतच्या टिपणात कारमॅकने ही परक्या आवाजाची उसनवारी चूक ठरल्याचे लिहून टाकले आहे. म्हणजे वाडा दान दिला, पण नगारखाना शेजाऱ्याचा निघाला. पुढे 'डूम'ची जी-जी नवी इंजिने झाली, त्यांना संगीत आणि आवाज आपले आपण उभे करावे लागले. जुन्या आवाजाचे वळण पुन्हा पकडायला लोकांनी वर्षे घालवली आहेत.

पण 'डूम'मधली खरी मेख आवाजात नाही, आठवणीत आहे. या खेळात आपण केलेली चढाई साठवून ठेवता येत असे आणि मित्राला दाखवता येत असे. साठवायची कशी? चित्रफीत ठेवायला जागा कुठली! फक्त खेळाडूने कुठली कळ केव्हा दाबली, एवढेच लिहून ठेवले जाई. सेकंदाचे पस्तीस भाग आणि प्रत्येक भागाला चार बाइट. एका मिनिटाच्या चढाईला ८४०० बाइट. या लेखाला त्याच्या कितीतरी पट लागतील. पुन्हा दाखवताना खेळ त्याच कळा त्याच क्रमाने स्वतःच दाबतो आणि सगळे पहिल्यासारखे घडते. राक्षसाने केव्हा वळायचे, कुणाला किती इजा व्हायची, हे योगायोगाने ठरते असे वाटते. पण तो योगायोगही २५६ आकड्यांच्या एका ठरीव यादीतून येतो, त्यामुळे तो दर वेळी तोच.

आता या इंजिनातली एक लहानशी चूक कुणी दुरुस्त केली, समजा. चाल एक केसभर बदलली. दहाव्या सेकंदाला राक्षस एक पाऊल अलीकडे उभा राहिला. साठवलेल्या कळांना त्याचा पत्ता नाही. त्या पूर्वीच्याच वेळी डावीकडे वळतात, पूर्वीच्याच वेळी गोळी झाडतात, पण समोर कुणी नसते. थोड्याच वेळात जगज्जेता खेळाडू भिंतीवर डोके आपटत, हवेत गोळ्या झाडत फिरताना दिसतो. दुरुस्ती अचूक, आणि वीस-पंचवीस वर्षे जपलेली चढाई मातीमोल.

मला इथे आमच्या शाखेतला एक जुना प्रसंग आठवला. डॉ. रंगराजन समितीच्या १९८४ च्या अहवालानंतर बँकांच्या शाखांत लेजर पोस्टिंगची यंत्रे आली. त्या यंत्रांवरचा आमच्याकडचा प्रोग्रॅम ठेवीवरचे व्याज दर तिमाहीला पूर्ण रुपयात राउंड ऑफ करी आणि पुढच्या तिमाहीचे व्याज त्या आकड्यावर लावी. पुढे नवी प्रणाली आली, ती पैशापर्यंत हिशेब ठेवून शेवटी एकदाच राउंड ऑफ करी. गणित म्हणून नवी प्रणाली बिनचूक. पण एक निवृत्त शिक्षक पावती घेऊन आले. पावतीवर छापलेली रक्कम आणि यंत्र देत असलेली रक्कम यांत तीन रुपयांचा फरक. गुरुजी शांतपणे म्हणाले, "साहेब, तुमचं यंत्र सुधारलं ते चांगलंच झालं. पण मला शब्द जुन्या यंत्रानं दिला होता." त्यांचे तीन रुपये त्यांना मिळाले, आणि जुन्या पावत्या संपेपर्यंत जुन्या पद्धतीचा तक्ता आम्ही काउंटरच्या काचेखाली ठेवला.

'डूम'वाल्यांनीही हेच केले. काही इंजिनांत तुम्हाला निवडता येते की खेळाने कुठल्या जुन्या आवृत्तीप्रमाणे वागावे. आणि २००५ साली सुरू झालेले 'चॉकलेट डूम' नावाचे एक इंजिन तर प्रतिज्ञाच करून बसले आहे की मूळ खेळात जे दोष होते ते सगळे जसेच्या तसे ठेवायचे. मूळ खेळ जिथे कोसळत असे, तिथे हेही कोसळते! वरवर वेडेपणा वाटतो. पण जुन्या चढाया खऱ्या की खोट्या हे ताडून पाहायला असे एक प्रामाणिक वजनमाप कुठेतरी असावे लागते.

रेल्वेच्या खेळाची नवी बांधणी करणाऱ्यांनी तिसराच रस्ता धरला. मूळ चित्रे, आवाज आणि संगीत यांवर दुसऱ्यांची मालकी, म्हणून कार्यकर्त्यांनी रूळ, डबे, शिट्ट्या, धडधड, सगळे नव्याने तयार केले आणि २०१० साली 'ओपन-टीटीडी'ची पहिली पूर्ण आवृत्ती मूळ फायलींशिवाय चालू लागली. आवाज निराळा, पण गाडी वेळेवर.

एवढे सगळे वाचून कुणी म्हणेल, खेळच ते, गेले तर गेले. त्यांना मी माझ्या कपाटातल्या फ्लॉप्या दाखवीन. माझी एक कादंबरी १९९६ साली डीटीपीवाल्याकडे टाइप झाली होती. त्या काळचे मराठी फाँट, श्रीलिपी म्हणा, आकृती म्हणा, प्रत्येकाची आपली चाल. इंग्रजी अक्षरांच्या जागी ज्याने-त्याने आपापल्या सोयीने मराठी अक्षरे बसवलेली. युनिकोड आल्यावर ती फाइल उघडली तर पडद्यावर रोमन अक्षरे, स्वल्पविराम आणि चिन्हांची खिचडी. संहिता शाबूत, पण वाचणारी मंडळी मोडलेली. भाच्याने एक रूपांतराचा प्रोग्रॅम शोधून आणला. त्याने नव्वद टक्के मजकूर परत दिला आणि डोळ्यावरच्या रफाराचा बळी घेतला. सह्याद्रीच्या 'दऱ्या'चा 'दर्या' झाला, म्हणजे डोंगरात समुद्र आला. लग्नाच्या प्रकरणात 'आचाऱ्याला' बोलावणे पाठवले होते. तिथे 'आचार्याला' गेले. जिलेबीचा घाणा शंकराचार्यांवर सोपवल्यासारखे झाले. तीनशे पाने मी पुन्हा हाताने तपासली. एका माणसाच्या एका पुस्तकाचे ठीक आहे. त्या दशकात मराठीत जी मासिके, स्मरणिका, दिवाळी अंक, संस्थांची इतिवृत्ते अशा फाँटांत जुळवली गेली, त्यांच्या फायली आज कुठे आहेत आणि त्या वाचणारे इंजिन कोण लिहिणार? खेळांच्या वेडापायी का होईना, परदेशातल्या मुलांनी आपल्या फ्लॉप्या वाचवल्या. आपल्याकडे साहित्य संमेलनाच्या मांडवात या विषयाला एखादा परिसंवाद मिळाला तरी पुष्कळ.

असो. ज्यांना हे सगळे प्रत्यक्ष पाहायचे आहे त्यांच्यासाठी एक सोय आहे. इंग्लंडच्या रिव्होल्यूशन सॉफ्टवेअर या कंपनीने आपला १९९४ चा 'बिनीथ अ स्टील स्काय' हा खेळ २००३ साली विनामूल्य करून टाकला. त्याची मूळ आज्ञावलीही कंपनीने 'स्कमव्हीएम'च्या मंडळींना अभ्यासायला दिली होती. खेळ आणि इंजिन, दोन्ही पैसे न देता आणि कायदा न मोडता उतरवून घेता येतात. गोष्ट भविष्यकाळातल्या एका शहराची आहे आणि 'वॉचमेन'चा चित्रकार डेव्ह गिबन्स याचा हात तिला लागला आहे. मुलांबरोबर रविवारी दुपारी खेळण्याजोगी आहे. शब्दकोश जवळ ठेवावा.

सुरुवातीला आवाजाच्या यादीतून ॲडलिब निवडा आणि पाच मिनिटे ऐका. नंतर रोलँडचा एमटी-३२ जमला तर तो लावा. त्यासाठी खऱ्या डब्याच्या स्मृतीतला मजकूर लागतो, तो प्रत्येकाकडे नसतो. भाच्याने दोन्ही ऐकवले. रोलँडवर बासरी बासरीसारखी आणि घंटा घंटेसारखी वाजते. मी मात्र परत ॲडलिबवर आलो. लॉग टेबलातून निघालेला तो किंचित खरबरीत, डब्यातून आल्यासारखा सूर मला जास्त ओळखीचा वाटला. भाचा म्हणाला, "मामा, तुमचे कान चुकीचे आहेत." मी म्हटले, "अरे, पण चौकट कोरी ठेवायची मुभा आहे ना?"